पिशवी

आमच्याकडं गर्भाशय म्हणत नाही कोणी.
पिशवी म्हणतात.
पिशवीला सूज आली, पिशवी खाली सरकली,
पिशवी काढली,
खुंटीवरनं काढावी तशी.

भागू येडगे, वय सव्वीस, खेप दुसरी.
धनगरवाड्यावरनं डांबरीपर्यंत डोलीत,
पुढं दुधाच्या जीपमधनं,
पहाटे चारला गगनबावड्यात.
ओटीपोटावर जुन्या सिझरची रेघ,
मधेच जाड, मधेच विरलेली,
घाईत घातलेल्या टाक्यांच्या गोधडीसारखी.
आधीचे कागद कुठायत, विचारलं.
सासू म्हणाली, पिशवीत हाईत.
पिशवी ऱ्हायली मेढीला.

थिएटर धुतलेलं होतं. दिवाही लागत होता.
भूल देणारे डॉक्टर मंगळवारी येतात, शुक्रवारी येतात.
तो गुरुवार होता.
फ्रीजमध्ये लसी होत्या, रक्त नव्हतं.
गाडी दुसरी एक बाळंतीण घेऊन खाली गेलेली,
येते म्हणाली.

साडेपाचला कळा थांबल्या.
चालत्या गिरणीचा पट्टा निसटावा तशा, एकदम.
भागू डोळे मिटून म्हणाली, आता बरं वाटाय लागलंय.
सासूनं जोतिबाचं नाव घेतलं.
आणि मी,
हे मी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही,
मी चहा ओतून घेतला.
सात मिनिटं. आठ असतील.
रात्रभराच्या ओरडण्यानंतर वॉर्ड गप्प झाला होता
आणि मला ते आवडलं.
सतरा वर्षांची नोकरी,
पुस्तकात मीच लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली,
कळा अचानक थांबल्या तर घाबरा,
आणि चहावर साय धरेपर्यंत ते वाक्य आठवलं नाही.

मग हात ठेवला.
कातडीखाली लगेच टाच लागली.
पातळ चादरीआडून निजलेल्या लेकराची लागते,
तितक्या जवळ.
यंत्रात नुसती खरखर.

दस्तगीरनं गाडी हाणली.
असळज, साळवण, कळे.
मी सलाईन उंच धरून म्हणत होते, बोल भागू, काहीपण बोल.
ती शेळ्यांची नावं सांगत राहिली.
बांडी. मोरी. काबरी. कानतुटकी.
कुडित्र्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या
एकामागं एक, गाणी लावून.
दस्तगीर खाली उतरला, शिव्या दिल्या, हात जोडले,
पुन्हा शिव्या दिल्या.
बालिंग्याच्या पुलावर शेळ्या संपल्या.

सीपीआरला पाच पिशव्या रक्त लागलं.
बदली रक्ताला पेठेतल्या तालमीची दोन पोरं आली,
कान मोडलेली, मांड्या खांबासारख्या.
त्यातला थोरला सुई बघून भिंतीकडं तोंड करून बसला.
बाळाचं वजन दोन किलो नऊशे.
मी वजन का विचारलं, माहीत नाही.

महिन्यानं बैठक झाली.
आई वाचली होती म्हणून अर्ध्या तासात उरकली.
तक्त्यात तीन रकाने:
घरातनं निघायला उशीर, वाटेत उशीर, पोचल्यावर उशीर.
पहिल्यात मेढीवरची पिशवी बसली,
दुसऱ्यात ट्रॉल्या, तिसऱ्यात गुरुवार.
चहाला रकाना नव्हता.
साहेबांनी सही केली. मीही केली.

उन्हाळ्यात भागू आली, थोरलीला घेऊन.
पोरीच्या हाताला गळू झालेलं.
पट्टी बांधताना एकदम म्हणाली,
सिस्टर, माझी पिशवी त्यांनी कुठं टाकली वो?
मी म्हटलं, तपासायला पाठवतात.
मग?
मग मला पुढचं येत नव्हतं.
ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, रागानं नाही,
वजनकाटा बरोबर आहे का बघावं तसं.

मग खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी पुढं केली.
शिकेकाई. वाळवलेली, निवडलेली.
तुमचे केस लांब हाईत, म्हणाली.
आणि दारातनं मागं वळून,
पिशवी तेवढी मोकळी करून द्या,
घरात एकच हाय.

इंजेक्शनच्या ट्रेमध्ये शिकेकाई ओतली.
पिशवी उलटी केली, झटकली.
घडी घालायला जमेना,
हात शिवणीवरच थांबत होता.